सतरा सीटर, बावीस ‘नक्की’

मराठीत ‘बसायचं का?’ या प्रश्नाचा अर्थ विचारणाऱ्यावर अवलंबून असतो. मावशीने विचारलं तर पानं वाढलेली असतात, मित्राने विचारलं तर चखणा आणलेला असतो. पार्टी बस या वाहनात दोन्ही अर्थांनी बसायची सोय असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा, तिकडे येतोच.

मागच्या डिसेंबरात आमच्या दहावीच्या बॅचने मुंबईत रात्रभर भटकायला अशी गाडी केली. ग्रुपवर बावीस जणांनी ‘नक्की’ लिहिलं होतं. गाडी सतरा सीटर, म्हणून पाच जणांना कसं समजवायचं यावर दोन दिवस खल झाला. प्रत्यक्षात आलो चौदा. गाडी ठरवणाऱ्यांनी हे गणित पाठच करावं: अंगठा दाखवणारा माणूस म्हणजे आलेला माणूस नव्हे.

नुसता ‘ना’

‘बस’ या शब्दाला स्वतःचा असा अर्थच नाही. मूळ शब्द ‘ऑम्निबस’, लॅटिनमध्ये ‘सर्वांना, सर्वांसाठी’. त्यातलं ‘बस’ हे निव्वळ विभक्ती प्रत्ययाचं शेपूट. स, ला, ना, ते घोकलेल्यांनी ओळखलंच असेल, चतुर्थी! म्हणजे ‘सर्वांना’मधला ‘सर्वां’ रस्त्यात पडला आणि आपण दोनशे वर्षं ‘ना’मध्ये बसून फिरतोय. आणखी मजा म्हणजे या ऑम्निबसचा उगम कामधंद्यात नाही, चैनीत आहे. फ्रान्समधल्या नान्त शहरात 1826मध्ये स्तानिस्लास बोद्री नावाच्या गृहस्थांनी आपल्या गरम पाण्याच्या स्नानगृहापर्यंत गिऱ्हाइकांना आणायला घोडागाडी सुरू केली. लोक आंघोळीला न जाता मधेच उतरू लागले, तेव्हा खरा धंदा कशात आहे ते त्यांना कळलं.

टेम्पो हॅम्बुर्गचा

आपल्याकडे ‘पार्टी बस’ मागितली की बहुतेक वेळा दारात उभा राहतो टेम्पो ट्रॅव्हलर, आत निळ्या दिव्यांच्या पट्ट्या चिकटवलेला. हा ‘टेम्पो’ शब्द आपण इतका घरचा केला की ‘टेम्पोत बसून गणपती आणायला’ जाताना कुणाला जर्मनी आठवत नाही. पण टेम्पो हे हॅम्बुर्गजवळच्या एका वाहन कारखान्याचं नाव. त्यांच्या तीनचाकीचं उत्पादन 1958पासून बजाज टेम्पो कंपनीने इथे सुरू केलं आणि कंपनीचं नाव सगळ्या जातीला चिकटलं, वनस्पती तुपाला ‘डालडा’ चिकटलं तसं. ट्रॅव्हलर आला 1987मध्ये. पुढे 2005मध्ये आकुर्डीच्या या कंपनीने स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. लोकांनी टेम्पो सोडला नाही.

आद्य पार्टी बस कुणाची?

अमेरिकेत विचाराल तर 1964ची एक गोष्ट सांगतील. ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’ लिहिणारा केन केसी. त्याने 1939 सालची एक शाळेची बस विकत घेतली, मित्रांनी ती हाताला येईल त्या रंगात रंगवली, वर स्पीकर चढवले आणि कॅलिफोर्नियाहून थेट न्यूयॉर्क गाठलं. गाडीच्या कपाळावर ‘फर्दर’, म्हणजे ‘अजून पुढे’, असं लिहिलेलं, आणि तेही स्पेलिंग चुकवून. आपल्या ट्रकवाल्यांना परकं वाटू नये असंच हे सगळं.

पण माझं मत विचाराल तर मान आपल्या वऱ्हाडाच्या गाडीला. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948ला पुणे-नगर धावली. पुढे लग्नासाठी, सहलीसाठी अख्खी लाल गाडी मिळू लागली, तिला महामंडळाच्या भाषेत म्हणतात ‘प्रासंगिक करार’. कायदेपंडितांनी भांडणासाठी घडवावा असा शब्द, आणि त्याच्या पोटात काय काय: मागच्या बाकावर भेंड्या, मधल्या बोळात फुगड्या, लिंबू चोखणारी आत्या, आणि नवऱ्या मुलाच्या मामाला खिडकी मिळाली नाही म्हणून घाटापर्यंत टिकलेला रुसवा. डीजे नाही, निळे दिवे नाहीत, तरी यापेक्षा जास्त पार्टी कुठल्या बसमध्ये झाली असेल ते दाखवा. सचिन पिळगांवकरांनी ‘नवरा माझा नवसाचा’ हा 2004चा सिनेमा जवळजवळ अख्खा मुंबई-गणपतीपुळे एसटीत घडवला तो उगाच नाही.

आता बिल

गाडी ठरवताना ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ असं पॅकेज सांगतात. ऐकायला छान. मेख अशी की घड्याळ आणि मीटर तुमच्या दारातून सुरू होत नाहीत, ‘गॅरेज टू गॅरेज’ धरतात. आमच्या मालकाचं गॅरेज वसईला आणि आम्ही चढलो दादरला. म्हणजे पार्टी सुरू होण्याआधीच ऐंशीतले पन्नासेक किलोमीटर रिकाम्या गाडीने खाल्ले. वर टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा रात्रभत्ता. हे फोनवर विचारलं नाही तर पहाटे रस्त्यावर उभं राहून विचारावं लागतं.

शिवाय नंबरप्लेट बघा. पिवळी पाटी, काळी अक्षरं ही भाड्याच्या गाडीची नेहमीची खूण. ती कायद्याने अख्खी करायची असते. वाटेत हात दाखवणाऱ्याला सुटं तिकीट फाडून घेता येत नाही, तो हक्क एसटी-बेस्टसारख्यांचा. आणि आत सीटा काढून सोफा, खांब, नाचायला जागा केलेली दिसली तर हुरळून जाऊ नका. परवानगीशिवाय गाडीची मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52ची मनाई आहे. आरसी बुकातली गाडी आणि समोरची गाडी एकच आहे ना, एवढं मालकाला विचारायला लाजू नका.

त्या दुसऱ्या बसण्याविषयी

महाराष्ट्रात मुलाला लग्न एकविसाव्या वर्षी करता येतं, बीअरही एकविसाव्या वर्षी. व्हिस्कीला मात्र पंचविशी लागते. म्हणजे वेळेवर बोहल्यावर चढलेल्याने चार वर्षं संसार बीअरवर काढायचा! त्यातही कागदोपत्री प्रत्येकाकडे परवाना हवा. एक दिवसाचा, विदेशी मद्याचा, पाच रुपयांना मिळतो. रस्त्यावरच्या गाडीत बाटली उघडणं हा तरीही पोलिसांना आमंत्रण देण्याचा प्रकार. त्यामुळे बसायचं ते हॉटेलात आणि बस फक्त बसायला, हा साधा मार्ग. गाडी करण्याचं खरं कारणही तेच. चालवणाऱ्याच्या रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच खेपेला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आम्ही चौदा आणि पंधरावे ड्रायव्हरमामा, ते तेवढे चहावर होते.

ॲमस्टरडॅममध्ये तर पायाने पेडल मारत बीअर पीत फिरायची गाडी निघाली होती. लोक इतके कंटाळले की शहराने 2017मध्ये मध्यवर्ती भागात तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे पेडल मारायला कोण तयार झालं असतं हा वेगळा प्रश्न.

टप नसलेलं शहर

मुंबईत रात्र बघायची खरी जागा म्हणजे डबलडेकरचा वरचा मजला, पहिला बाक. बेस्टची डबलडेकर 1937मध्ये आली. जुन्या डिझेल गाड्यांतली शेवटची 15 सप्टेंबर 2023ला गेली. वरून उघडी ‘नीलांबरी’ पर्यटकांना 1997पासून फिरवत होती, तीही त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला बंद झाली. नऊ महिने होत आले आणि 4 जुलै 2024ला विश्वविजेती क्रिकेट टीम मरीन ड्राइव्हवर मिरवायची वेळ आली, तेव्हा उघडी बस गुजरातहून आणावी लागली! त्यावरून राजकारण झालं ते झालंच, पण माझ्यासारख्या गिरगावकराला खरं दुःख वेगळं होतं. दुसऱ्याच्या घोड्यावर आपली वरात.

आम्ही आपले टपवाल्या गाडीतून निघालो. निळ्या पट्टीचं एक टोक सुटून सेलोटेपसकट माझ्या कानावर लोंबत होतं. पेनड्राइव्हमध्ये अर्धी गोविंदाची गाणी, अर्धी काळूबाईची, आणि क्रम मशीन ठरवणार. सी-लिंकवर शिरताच मागून आरडाओरडा, ‘‘मामा, दोन मिनिटं थांबवा ना, एकच फोटो!’’

‘‘इथं थांबलो तर फोटो कॅमेराच काढंल,’’ मामा म्हणाले, ‘‘आन् फ्रेम करून घरी बी पाठवंल.’’

5.6 किलोमीटरच्या त्या पुलावर थांबायला मनाई आहे. तेवढ्या अंतरात काळूबाईचं एक गाणं संपून गोविंदा सुरू झाला, आणि ज्याला शाळेत आम्ही कधी बोलताना ऐकलं नव्हतं तो आमचा वर्गमित्र, आता बँकेत मॅनेजर, मधल्या बोळात उभा राहून नाचायला लागला. मामांनी आरशातून पाहिलं आणि गाडी हळू केली. ‘‘बसून नाचा,’’ एवढंच म्हणाले.

पहाटे चारला दादरच्या फूल मार्केटापाशी चहाला उतरलो. टोपल्या उतरत होत्या, रस्ताभर झेंडूचा ओला वास. कुणीतरी दोन हार घेतले, एक मामांना घातला आणि एक गाडीच्या आरशाला. फूलवाल्या मावशींनी गाडीकडे पाहिलं, आमच्या जागरणाने सुजलेल्या तोंडांकडे पाहिलं आणि सुट्टे मोजता मोजता विचारलं, ‘‘वऱ्हाड कुठलं म्हणायचं?’’