न आलेल्या उत्तराचे मोल

सोन्यासाठी खणलेल्या खाणीत प्रोटॉनच्या मृत्यूची वाट पाहावी, ही कल्पना वरकरणी विक्षिप्त वाटेल. परंतु मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने १९८० च्या सुमारास कोलारच्या खाणीत नेमके हेच कार्य आरंभिले.

अणुगर्भातील प्रोटॉन हा कण चिरंजीव मानला जाई. १९७४ साली जॉर्जी व ग्लॅशो यांनी निसर्गातील तीन बले मुळात एकच असल्याचा सिद्धान्त मांडला. तो खरा असेल, तर प्रोटॉनचेही कधीतरी विघटन व्हावयास हवे. मात्र त्याचे सरासरी आयुष्य एकावर सुमारे तीस शून्ये इतक्या वर्षांचे. विश्वाचे वय तर अवघे १,३८० कोटी वर्षे! मग पडताळा घ्यावा कसा? अहिल्यानगर जिल्ह्यातील मृत्युमान जाणण्यासाठी कोणी एकाच माणसाच्या उशाशी जन्मभर बसत नाही. २०११ च्या जनगणनेतील ४५ लाख लोकांमागे वर्षाची मृत्युनोंद पाहिली की पुरते. त्याच न्यायाने कोलारच्या १४० टनी उपकरणात एकावर एकतीस शून्यांहून अधिक प्रोटॉन एकाच वेळी निरीक्षणाखाली होते. विश्वकिरणांनी हिशेब बिघडवू नये म्हणून माथ्यावर दोन किलोमीटरहून अधिक जाडीचा खडक होता.

काही खुणा आढळल्या. त्या प्रोटॉनविघटनाच्या असू शकतील, असे या गटाने तपशिलासह जगापुढे मांडले. परंतु अमेरिका व जपान येथील हजारो टन पाण्याच्या टाक्यांतून त्यास दुजोरा मिळाला नाही. पुढे जपानच्या सुपर कामिओकांडे प्रयोगाने विघटनाच्या प्रमुख प्रकारासाठी आयुष्याची किमान मर्यादा एकावर चौतीस शून्यांपलीकडे नेली. जॉर्जी-ग्लॅशो यांचा सिद्धान्त मूळ रूपात टिकला नाही.

हे श्रम व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. कोणता मार्ग बंद आहे, हे कळल्यावाचून नवा मार्ग शोधता येत नाही. शिवाय प्रोटॉनसाठी बांधलेल्या कामिओकांडेच्या टाकीतच १९८७ साली एका ताऱ्याच्या स्फोटातून आलेले न्यूट्रिनो टिपले गेले.

आपल्या महाविद्यालयांत मात्र अपेक्षित उत्तर आधी पाहून निरीक्षणे मागाहून जुळविण्याची रीत अपरिचित नाही. जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याने न जुळणारे उत्तर प्रामाणिकपणे वहीत लिहिले, तर त्याचे गुण कापण्यापूर्वी शिक्षकांनी त्याला त्याचे कारण विचारावे. संशोधनाचा पहिला धडा त्या प्रश्नातच आहे.