क्ले, केक आणि कॅलिब्रेशन

सेकंड इयरच्या सुट्टीत मला पॉलिमर क्लेचं वेड लागलं. रंगीत गोळे आणायचे, कीचेन-कानातले बनवायचे, ओव्हनमध्ये भाजायचे. म्हटलं, यात काय कठीण आहे?

नाव क्ले असलं तरी यात माती नसते. असते पीव्हीसीची बारीक पावडर (आपल्या पाइपवालाच पीव्हीसी!), प्लास्टिसायझर आणि रंग. तापवल्यावर पीव्हीसीचे कण प्लास्टिसायझर शोषून फुगतात, एकमेकांत मिसळतात आणि थंड झाल्यावर अखंड प्लास्टिक तयार होतं. दुकानात हवेवर वाळणारी क्लेही मिळते, ती वेगळी. तेव्हा पाकीट नीट वाचून घ्या.

सुरुवातीला पांढरा, काळा आणि दोन-तीन रंग पुरे. क्ले कणकेसारखी मऊ होईपर्यंत मळा. आधी फिकट रंग, मग गडद, मध्ये हात स्वच्छ पुसा. नाहीतर पांढऱ्यात सगळी धूळ दिसते. लाटायला काचेची बाटली, कापायला ब्लेड, खाली गुळगुळीत टाइल. आईच्या पोळपाट-लाटण्याला हात लावू नका. क्लेला लागलेली वस्तू परत स्वयंपाकात नको.

आता खरी परीक्षा, भाजणं. फिमोला ११० अंश आणि अर्धा तास, स्कल्पीला १३० अंश आणि दर ६ मिलिमीटर जाडीला १५ मिनिटं. मी स्कल्पी घेतली, आईच्या ओटीजीचा डायल १३० वर फिरवला, ट्रे वरच्या रॉडजवळ सरकवला आणि मॅच बघायला बसलो. थोड्याच वेळात धूर! नाक-डोळे चुरचुरायला लागले. पीव्हीसी प्रमाणाबाहेर तापला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, हे केमिस्ट्रीत शिकलो होतो; स्वयंपाकघरात पहिल्यांदा अनुभवलं. ओव्हन बंद केला, खिडक्या उघडल्या, सगळे बाहेर पळालो.

आई घरी केकच्या ऑर्डरी घेते. दुसऱ्या दिवशीची ऑर्डर तिला रद्द करावी लागली. ती ओरडली नाही, आणि तेच जास्त लागलं.

ओव्हन घासून झाल्यावर पॉकेटमनीतून ओव्हन थर्मामीटर आणला. रिकामा ओव्हन लावून पाहिलं तर डायलवर १३०, आत सुई १८० वर! ९० ला ठेवल्यावर कुठे १३० आले. मग फेब्रुवारीतल्या सबमिशनसारखी टेबल करून फ्रिजवर चिकटवली.

आता ओव्हन आधी तापवतो, टाइल मधल्या रॅकवर ठेवतो, वर फॉइलचं झाकण घालतो आणि समोरून हलत नाही. घाबरून तापमान कमीही ठेवायचं नाही. कच्चा राहिलेला तुकडा वरून ठीक दिसतो, पण वाकवला की कट्टकन तुटतो. नीट भाजलेली पातळ पट्टी थोडी वाकते. मायक्रोवेव्ह मात्र अजिबात नाही.

आणि हो, आईचे केक खालून करपायचे. तिला वर्षानुवर्षं वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय. आता ती थर्मामीटर बघूनच केक लावते. माझं पहिलं धड कीचेन तिच्या किल्ल्यांना आहे.