एका शोकगीताची कथा

अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलुखांत स्कॉटलंड, आयर्लंड इत्यादि देशांतून येऊन वसलेल्या लोकांनीं आपल्याबरोबर जुनीं कथागीतें आणिलीं. त्यांतून पुढें 'कंट्री' नांवाचें संगीत उदयास आलें. त्याचें मुख्य पीठ नॅशव्हिल हें शहर होय. आपला पोवाडा वीरांचा पराक्रम गातो. हीं गीतें साध्या माणसाच्या घरांतील दुःख गातात. त्यांपैकीं 'ही स्टॉप्ट लव्हिंग हर टुडे' हें गीत पुष्कळ रसिक सर्वश्रेष्ठ मानितात. परंतु तें गाणाऱ्या जॉर्ज जोन्सलाच प्रथम तें नकोसें वाटलें होतें. असें कां व्हावें, याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करूं.

बॉबी ब्रॅडॉक व कर्ली पुटमन या दोघांनीं हें गीत रचिलें. त्यांतील कथा अगदीं लहान आहे. मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन, असें एक मनुष्य आपल्या प्रेयसीस सांगतो. ती त्याला सोडून जाते. तो तिची तसबीर भिंतीवर लावितो, तिचीं जुनीं पत्रें बिछान्याजवळ जपून ठेवितो आणि ती परत येईल या आशेवर वर्षें कंठितो. मग आज त्यानें प्रेम करणें सोडिलें, असें आपण ऐकतों. तो तिला विसरला कीं काय, असें क्षणभर वाटतें. पण दारावर लाविलेल्या फुलांच्या चक्राचा उल्लेख येतो आणि खरा अर्थ ध्यानांत येऊन मन चरकतें. तो वारला, असें कवि कोठेंहि सरळ सांगत नाहींत. ती त्याच्या अंत्यदर्शनास येते, हा भाग निर्माते बिली शेरिल यांच्या आग्रहावरून मागाहून घातला गेला.

त्या काळीं जोन्स मद्यपानानें व कर्जानें पुरा खचला होता. इतकें उदास गाणें कोणी विकत घेणार नाहीं, असें त्याचें मत होतें. गीताच्या मध्यें कांहीं ओळी नुसत्या बोलावयाच्या आहेत. पण दारूमुळें त्याची जीभ अडखळे, म्हणून त्या ध्वनिमुद्रित होण्यास फार विलंब लागला. अखेर १९८० सालीं गीत प्रसिद्ध झालें आणि जुलैमध्यें कंट्री गीतांच्या यादींत पहिलें आलें. त्याच्या गायनास ग्रॅमी पारितोषिक मिळालें. कंट्री म्युझिक असोसिएशननें १९८० व १९८१ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यास वर्षांतील उत्कृष्ट गीत ठरविलें.

गीतानें जोन्सची कीर्ति सांवरली. व्यसन मात्र सोडविलें नाहीं. तें त्याला स्वतःच सोडावें लागलें, आणि तेंहि १९९९ मधील भयंकर मोटार अपघातानंतर! २०१३ सालीं तो निवर्तला, तेव्हां अंत्यविधीच्या वेळीं ॲलन जॅक्सन या गायकानें हेंच गीत गाऊन त्याला निरोप दिला.

विद्यार्थिमित्रहो, दुःखाचें वर्णन करितांना तुम्ही निबंधांत 'हाय हाय' व 'अरेरे' यांची गर्दी करितां. या गीतांत आक्रोश नाहीं. तसबीर, पत्रें आणि फुलें एवढेंच आहे. बाकीचें ऐकणाऱ्याचें अंतःकरण आपण होऊन समजून घेतें. ज्याला जोन्स केवळ उदासपणा समजला, तें हें शांत, आवरून धरिलेलें दुःख होतें. आणि तें ऐकणाऱ्यांनीं त्याच्या आधीं ओळखिलें.