मोंटानाची मते आणि चिखल्याची खाण

सिहोऱ्याहून तुमसरमार्गे गोबरवाहीकडे निघाले, की धानाच्या बांध्या मागे पडतात आणि काळ्या दगडांचे ढीग दिसू लागतात. चिखला आणि डोंगरी बुजुर्गचे हे मँगनीज. अमेरिकेतील निवडणूक आणि तिथले आयातशुल्क हा आज वर्तमानपत्रांचा रोजचा विषय झाला असला, तरी त्या दोहोंशी आपल्या या खाणपट्ट्याचा संबंध शंभर वर्षांचा आहे.

पोलाद ओतताना त्यातील गंधक आणि प्राणवायू यांचा बंदोबस्त मँगनीज करते. नाहीतर तापलेले पोलाद लाटताना तडकते. टनामागे सहा-सात किलो पुरते, पण तेवढ्यावाचून चालत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांतात इंग्रज कंपन्या आल्या. फर्मर या भूशास्त्रज्ञाने 1909 साली हिंदुस्थानातील मँगनीजवर प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात आपल्या भागाला मोठे स्थान आहे. माल युरोप-अमेरिकेच्या भट्ट्यांकडे जाई. स्पर्धकही तसेच होते: जॉर्जियातील चियातुरा, ब्राझील, आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट.

पहिल्या महायुद्धात जहाजे अडली, तेव्हा अमेरिकेत मोंटाना आणि मिनेसोटा येथे मँगनीजच्या खाणी घाईने उघडल्या गेल्या. युद्ध संपताच स्वस्त परदेशी माल परत आला आणि त्या बसल्या. खाणमालकांनी संरक्षण मागितले. 1920 च्या निवडणुकीत आयातशुल्काचा पुरस्कार करणारा रिपब्लिकन पक्ष निवडून आला आणि 1922 च्या कायद्याने खनिजातील मँगनीजवर पौंडामागे एक सेंट शुल्क बसले. आकडा किरकोळ वाटतो. हिशेब करू. निम्मे मँगनीज असलेल्या एका टनात ते 1120 पौंड असते. म्हणजे टनाला 11 डॉलर 20 सेंट, त्या दशकातील दराने सुमारे 30 रुपये. 1930 च्या स्मूट-हॉले कायद्याने हे शुल्क हलक्या प्रतीच्या खनिजालाही लावले.

यातून मोंटानाला काय मिळाले? फारसे काही नाही. तिथले खनिज हलके आणि महाग पडणारे. देशाची बहुतेक गरज आयातीवरच भागत राहिली. वाढीव किंमत पोलाद कारखान्यांच्या माथी आली. क्यूबाच्या मालाला शुल्क माफ होते, म्हणून पुढे तिथल्या खाणी मात्र वाढल्या. भिंत घातली शेताला आणि पीक आले शेजाऱ्याच्या.

तरीही आपल्या खाणी बंद पडल्या त्या एकट्या शुल्काने नव्हे. 1929 साली अमेरिकेत साडेपाच कोटी टनांहून अधिक पोलाद तयार झाले. 1932 साली त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकेच. युरोपातही मंदी होती. पोलादच नाही, तर मँगनीज कोण घेणार? हिंदुस्थानचे उत्पादन 1927 साली अकरा लाख टनांच्या वर होते, ते 1932 साली दोन लाखांच्या आसपास आले. मध्य प्रांतातील खाणींमागून खाणी थांबल्या. ज्या खनिजाच्या भरवशावर विशाखापट्टणमचे बंदर बांधले जात होते, ते बंदर 1933 साली खुले झाले तेव्हा खनिजाचाच बाजार बसला होता. खाणीतल्या मजुराला त्या काळी आपल्याच प्रांतात मताचा अधिकार नव्हता; मत होते मालमत्ताधारकांना. त्याची रोजी मात्र सातासमुद्रापार ठरत होती.

1932 च्या निवडणुकीने वारे फिरले. रूझवेल्ट यांच्या सरकारने 1934 साली परस्पर व्यापारकराराचा कायदा केला आणि ब्राझीलशी झालेल्या करारान्वये 1936 पासून मँगनीजवरील शुल्क निम्म्यावर आले. मागणी परतली ती मात्र कारखाने पुन्हा पेटले तेव्हा, आणि पुढे युद्धाच्या तयारीमुळे.

हे सारे आज आठवण्याचे कारण आहे. अमेरिकेतील कारखान्यांत 1979 साली सुमारे 1 कोटी 95 लाख माणसे होती. 2010 साली ती 1 कोटी 15 लाखांवर आली. यंत्रे आली, मंदी आली, आणि 2001 साली चीन जागतिक व्यापार संघटनेत आल्यावर स्पर्धा तीव्र झाली. उजाड झालेल्या कारखानी गावांचा राग मतपेटीत उतरला. 2018 साली पोलादावर 25 टक्के शुल्क बसले. 2025 साली ते 50 टक्के झाले. तो राग खरा आहे. पण पोलाद बनवणाऱ्यांपेक्षा पोलाद वापरणारे कितीतरी अधिक असतात. 2018 च्या शुल्कांचा अभ्यास करून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतील अर्थतज्ज्ञांनीच दाखवले, की महागलेला कच्चा माल आणि इतर देशांचे प्रत्युत्तर यांमुळे कारखान्यांतील रोजगार एकंदरीत घटला.

निवडणुकीने शुल्क एका सहीनिशी लागते. कारखाना मात्र कच्चा माल, कौशल्य आणि गिऱ्हाईक यांवर उभा राहतो. एवढे संरक्षण देऊनही अमेरिकेत 1970 नंतर चांगल्या प्रतीचे मँगनीज निघालेले नाही. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मात्र ते आजही निघते. 1962 पासून या खाणी सरकारी सहभागाच्या कंपनीकडे आहेत, आणि मुख्य गिऱ्हाईक आता देशातलेच पोलाद आहे. मंदीतल्या त्या मजुराला जे कधीच मिळाले नाही, ते हे: जवळचे गिऱ्हाईक आणि स्वतःचे मत.