उसनी कूस आणि कायदा

जिच्या उदरातून मूल जन्मले ती त्याची आई, असे मनुष्यजात हजारो वर्षे गृहीत धरून चालली होती. प्रयोगशाळेत बीजफलन शक्य झाल्यापासून मात्र हे मातृत्व तीन स्त्रियांत विभागले जाऊ शकते. बीजांड देणारी एक, गर्भ वाढविणारी दुसरी आणि मुलाचे संगोपन करू इच्छिणारी तिसरी. ‘सरोगसी’ अथवा पर्यायी मातृत्वातील बहुतेक पेच या विभागणीतूनच उद्भवतात.

२००८ साली भारतात हा पेच प्रकर्षाने पुढे आला. एका जपानी दाम्पत्यासाठी गुजरातमधील आणंद येथे एका स्त्रीने गर्भ धारण केला होता. बीजांड तिसऱ्याच, अनामिक स्त्रीचे होते. मूल जन्मण्यापूर्वीच त्या दाम्पत्याचा घटस्फोट झाला. जुलैमध्ये मुलगी जन्मली, तेव्हा नियोजित मातेला ती नको होती आणि जन्म देणारीचे काम करारान्वये संपले होते. अशा रीतीने तीन माता असूनही ती बालिका मातृहीन ठरली. जपानी कायदा जन्म देणारीलाच आई मानीत असल्यामुळे तिला जपानी पारपत्र मिळेना. पित्याने तिला दत्तक घ्यावे, तर एकट्या पुरुषाने मुलगी दत्तक घेण्यास भारतीय कायद्याची आडकाठी होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर त्याच वर्षी तिची आजी विशेष प्रवासपत्राच्या आधारे तिला जपानला घेऊन गेली.

त्या काळी भारतात या व्यवहाराचे नियमन करणारा कायदा नव्हता. २००५ सालची मार्गदर्शक तत्त्वे होती, परंतु ती बंधनकारक नव्हती. २००९ मध्ये विधी आयोगाने व्यापारी सरोगसीवर बंदी घालण्याची शिफारस केली. २०१५ मध्ये परदेशी दाम्पत्यांना हे दार बंद झाले आणि २०२१ चा सरोगसी (विनियमन) अधिनियम जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्यानुसार गर्भ धारण करणारी स्त्री विवाहित, स्वतःचे अपत्य असलेली व २५ ते ३५ वर्षे वयाची असावी लागते. आयुष्यात एकदाच तिला असे मातृत्व पत्करता येते. वैद्यकीय खर्च व ३६ महिन्यांचा विमा यांपलीकडे तिला मोबदला घेता येत नाही. जन्मलेले मूल मात्र नियोजित दाम्पत्याचे जैविक अपत्यच मानले जाते. आणंदच्या बालिकेला जे मिळाले नाही, ते या तरतुदीने दिले.

तथापि नैतिक प्रश्न मिटलेला नाही. मोबदला द्यावा, तर दारिद्र्याने गांजलेल्या स्त्रीची संमती कितपत मुक्त असते? न द्यावा, तर नऊ महिन्यांचे कष्ट व जिवाची जोखीम ‘परोपकार’ या नावाखाली विनामूल्य ठरतात. शिवाय एखाद्या सुनेला वा भावजयीला घरच्यांच्या आग्रहापुढे नकार देणे नेहमीच शक्य असते असे नाही. पैशाचा दबाव दिसतो, नात्याचा दिसत नाही, एवढाच काय तो फरक. कायद्याने मुलाला आईबाप मिळवून दिले. कूस देणाऱ्या स्त्रीला न्याय मिळवून देण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.