धातूच्या पाण्यात तगणारे जिवाणू

1976 साली बेल्जियममधल्या एका जस्त कारखान्याच्या टाकीतल्या गाळात एक जिवाणू सापडला. आज त्याचं नाव क्युप्रियाविडस मेटॅलिड्युरन्स. इतर जिवाणू जिथे मान टाकतात, तिथे हा वाढतो. जस्त, तांबं जिवाणूंनाही लागतं, पण कणभर. प्रमाण वाढलं की हेच धातू विकरांमधल्या दुसऱ्या धातूंची जागा बळकावतात आणि वाढ खुंटते. कॅडमियम तर थोडंही घातक. या जिवाणूच्या पेशीपटलांत मात्र पंप आहेत. जस्त, कोबाल्ट, कॅडमियम आत शिरलं की हे पंप ऊर्जा खर्चून ते बाहेर फेकतात.

मग सांडपाणी अशाच जिवाणूंवर सोपवावं, असं कुणी म्हणेल. पण बाहेर फेकलेला धातू जातो कुठे? बहुतांशी त्याच पाण्यात. जिवाणू तगला म्हणून पाणी शुद्ध झालं, असं होत नाही. क्रोमियमची गोष्ट वेगळी, हे मान्य करायलाच हवं: काही जिवाणू त्याच्या विषारी, विरघळणाऱ्या रूपाचं कमी विषारी रूपात रूपांतर करतात आणि ते गाळात बसतं. तरी तो गाळ उरतोच. शिवाय धातू सोसण्याची आणि प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुकं पुष्कळदा एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या तुकड्यावर, असतात. त्यामुळे औषधाचा थेंब नसतानाही धातू अशा जिवाणूंना पोसतो. म्हणून धातू कारखान्यातच, पाणी जैविक टाकीत सोडण्याआधी वेगळा काढला पाहिजे.