बोलावणे सोपे, आवरणे कठीण

वेताळपंचविशीतल्या राजाला एकच अट होती: तोंड उघडायचे नाही. तो बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. गोष्टीत अशी अट कथाकार घालतो. मेजाभोवती बसून, भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळांत मात्र ती नियमांनी घालावी लागते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे पात्रे घेतात आणि जे अनिश्चित त्याचा निकाल फासे देतात. गायगॅक्सच्या १९७८ च्या नियमपुस्तकात मांत्रिकाला पृथ्वी, आप, तेज, वायू यांपैकी एका भूताला पाचारण करता येते. सामग्रीही ठरलेली आहे: वायूसाठी जळता धूप, पृथ्वीसाठी मऊ माती, तेजासाठी गंधक व फॉस्फरस, आपासाठी पाणी व वाळू. भूत येते, पण मांत्रिकाचे चित्त त्याच्यावर खिळलेले असेपर्यंतच आज्ञा पाळते. मांत्रिक जखमी झाला किंवा कोणी त्याला धरले की चित्त ढळते आणि भूत त्याच्यावरच उलटते. खरी मेख पुढेच आहे. चित्त अभंग असले तरी दुसऱ्या फेरीपासून प्रत्येक फेरीअखेर भूत उलटण्याचा संभव शेकडा ५ असतो. दहा फेऱ्यांत ही परीक्षा नऊ वेळा होते आणि एकूण धोका शेकडा ३७ वर जातो!

'शॅडोरन' (१९८९) या खेळात हिशेब कराराचा आहे. त्याच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनुसार बोलावणारा आणि आत्मा, दोघांसाठीही फासे टाकतात. ५ किंवा ६ पडले की एक यश. बोलावणाऱ्याला पाच आणि आत्म्याला दोन यशे मिळाली, तर आत्मा फरकाइतकी, म्हणजे तीन कामे करतो. पण आत्म्याच्या यशांच्या दुप्पट, म्हणजे चार, इतका शीण बोलावणाऱ्यावर येतो. तो पुन्हा फासे टाकून जमेल तितका कमी करावयाचा. आत्मा आपल्या शक्तीबाहेरचा असेल तर शिणाऐवजी शरीराला इजा होते. शिवाय कायम बांधून न घेतलेला आत्मा पुढच्या सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला निघून जातो, कामे उरली असली तरी.

इतकी बंधने कशासाठी? फुकटचा बलाढ्य सेवक एकाच्या हाती आला, तर बाकीच्या गड्यांना काही काम उरत नाही. म्हणून हे नियम जितके भुतासाठी, तितकेच बोलावणाऱ्यासाठी आहेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या आवृत्तीत तो शेकडा ५ चा धोका नाही, पण चित्त ढळले तर भूत वैरी होतेच. २०२४ च्या नियमांत तेही गेले. खेळ सुटसुटीत झाला खरा. पण किंमत गेली की 'बोलवावे की न बोलवावे' हा विचारच उरत नाही, आणि मेजावरचा श्वास रोखून धरणारा क्षण त्या विचारातच असतो.